यीस्टचा फुगा फुगंना झालाय, कुठं चुकतंय?

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

लेकीच्या शाळेत शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. बारकी सहावीत. तिनं घेतलेला प्रयोग तसा सगळ्यांना माहीत असलेलाच: बाटलीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट, तोंडाला फुगा. यीस्ट साखर खाऊन गॅस सोडतं आणि फुगा आपोआप फुगतो. पुस्तकात चार ओळींत संपलंय. आमच्या घरात दोन दिवस चाललंय.

काल दोनदा केलो, आज एकदा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, अर्धा कप कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा यीस्ट. पूड टाकल्या टाकल्या फस्सकन फेस येतोय, बारकी टाळ्या पिटतीया. मग बाटली चांगली हलवायची, फुगा लावायचा आणि बघत बसायचं. अर्धा तास, एक तास. फुगा बाटलीच्या गळ्यात मान टाकून पडलेला. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "त्या बाटलीची दृष्ट काढा आधी."

पाणी बोटाला सोसंल एवढंच घेतलोय. फुगा नवा. शनिवारच्या आत सांगा, नाहीतर ज्वालामुखी करावा लागेल, आणि वर्गात आधीच चार ज्वालामुखी आहेत.

पुणेरी_पाव | रात्री ९:२४

दादा, पाणी जास्त गरम होत असणार. "बोटाला सोसंल" हे माप नव्हे. रोज तव्यावरची भाकरी उलटणाऱ्या बोटांना काहीही सोसतं. यीस्टला ३५ ते ४० अंश आवडतं, ५५-६० च्या पुढे ते मरतं. थर्मामीटर आणा.

तांबडा_पांढरा | रात्री ९:२७

दादा न्हवं, ताई हायत त्या. आमच्यात बायकाबी "मी केलो, मी गेलो"च म्हणत्यात.

पुणेरी_पाव | रात्री ९:३१

क्षमस्व ताई. सासूबाईंचा उल्लेख वाचून मला वाटलं घरजावई असतील.

बंबवाली_काकू | रात्री ९:४८

थर्मामीटर कशाला गं? मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघ, तान्ह्या बाळाचं दूध बघतो तसं. गरमही नाही, गारही नाही असं वाटलं की झालं. आमच्याकडं अंघोळीला अजून तांब्याचा बंब पेटतो. त्यातलं पाणी मी एकदा घाईत पावाच्या पिठात ओतलं होतं. पाव कसले, कणेरीच्या माळावरचे दगड. मुलांनी त्यांचा क्रिकेटला स्टंप केला.

आणि आधी यीस्टची परीक्षा घे. वाटीत कोमट पाणी, चिमूटभर साखर, वर यीस्ट. हलवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत वर मऊ फेसाची साय धरली, पावाच्या दुकानाबाहेर येतो तसा वास आला, तर यीस्ट जिवंत. नाहीतर दे फेकून.

गुऱ्हाळकर | रात्री १०:०५

साखर कशाला घेताय? कोल्हापुरात राहून फुग्याला साखर घालताय म्हंजे कमाल झाली. गूळ किसून घाला.

चावीवाला | रात्री १०:११

हवा लीक होत असेल. बाटलीच्या तोंडाशी फुगा सैल बसतो. चिकटपट्टी गुंडाळा आणि बाटली बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघा, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. दुसरं, नवा फुगा आधी तोंडानं दोन-तीनदा फुगवून सोडा. नव्या रबराचा ताठा मोडायला जेवढा जोर लागतो तेवढा त्या बिचाऱ्या यीस्टला सुरुवातीला होत नाही.

अपक्ष_उमेदवार | रात्री १०:४०

मला एक कळत नाही. यीस्ट जिवंत असतं म्हणता, मग पाव शाकाहारी कसा?

तांबडा_पांढरा | रात्री १०:४२

झालं सुरू.

कॉलेजचा_लॅबवाला | रात्री ११:०२

अपक्ष, यीस्ट प्राणी नाही, एकपेशीय कवक आहे. अळंबी खाता ना? त्याच घरातलं. जिवंत म्हणाल तर दहीसुद्धा जिवंतच.

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त. थोडं सांगतो, लांबलं तर माफ करा. आपली साखर यीस्टला थेट खाता येत नाही. तो जोडरेणू असतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून बसलेले. यीस्ट आधी इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडून ती जोडी फोडतं, मग एकेक आत घेतं. आत ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. यालाच किण्वन म्हणतात. पुस्तकात "ऑक्सिजन नसेल तेव्हा" असं असतं, पण साखर भरपूर असेल तर ऑक्सिजन असतानाही ब्रेडचं यीस्ट हाच रस्ता धरतं. त्यामुळे बाटलीत आधी हवा होती म्हणून प्रयोग फसला असं होत नाही.

हे काम जिवंत पेशी करतात हे पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात ठासून सांगितलं. पुढं १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून, गाळून नुसता रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नाही, तरी साखर घातल्यावर बुडबुडे आलेच. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. म्हणजे यीस्ट मेलं तरी त्याची हत्यारं, म्हणजे विकरं, काही काळ काम करतात. मात्र उकळत्या पाण्यात हत्यारंही मोडतात.

खाऊगल्ली | रात्री ११:१५

इडलीचं पीठ फुगतं तेही यीस्टनंच ना? मग विकतचं यीस्ट कशाला, इडलीचं पीठ बाटलीत भरा.

कॉलेजचा_लॅबवाला | रात्री ११:२१

इडलीत मोठा वाटा जिवाणूंचा असतो. ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आम्लही करतो आणि गॅसही. यीस्ट असलं तर पाहुणा म्हणून. फुगा फुगेल, पण वहिनींच्या फलकावर "यीस्ट" लिहिलंय.

खाऊगल्ली | रात्री ११:२३

आमची आई तर इडलीत यीस्टच घालते 🙂

बंबवाली_काकू | मंगळवार, सकाळी ६:५०

तुझ्या आईला सांग, उडीद डाळ वाढव.

मळीवाला | सकाळी ८:१५

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. तुमच्या बाटलीत जे चाललंय तेच आमच्याकडे लाखो लिटरच्या टाकीत चालतं. ऊस गाळला, साखर काढली, जी चिकट काळी मळी उरते ती पाण्यानं पातळ करायची आणि यीस्ट सोडायचं. शेवटच्या मळीच्या एका टनातून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल निघतं. पेट्रोलमध्ये जे इथेनॉल मिसळतात तेही असंच, यीस्टनं आंबवून येतं. म्हणजे वहिनी, तुमच्या स्कुटीत यीस्टची मेहनत आहे.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. किण्वनात उष्णता निघते. आमच्या टाक्या गार ठेवायलाच लागतात, नाहीतर यीस्ट आपल्याच उष्णतेनं हैराण होतं. घरच्या बाटलीत उलटा प्रश्न: अर्धा कप पाणी दहा मिनिटांत गार होतं. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करा.

आणि कुणीही झाकण घट्ट लावू नका. काचेची बाटली तर नकोच.

गुऱ्हाळकर | सकाळी ९:३०

झाकणाचं मळीवाल्यांनी खरं सांगितलं. आमच्यात एकदा मे महिन्यात पाहुण्यांसाठी काकवी पातळ करून ठेवलती, सरबतासारखी. उरलेली काचेच्या बाटलीत भरून बूच मारून कोपऱ्यात ठेवली आन् विसरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी धाडकन आवाज. म्हातारी देवघरातनं ओरडली, "आरं बार कुणी काढला?" भिंतीवर काकवीचं नक्षीकाम, मुंग्यांची जत्रा आठवडाभर.

गंमत अशी की घट्ट काकवी वर्षभर ठेवा, काही होत नाही. यीस्टला लागणारं पाणी तिच्यात नसतं. पाणी घातलं की संपलं. यीस्ट बाहेरनं आणायचीबी गरज न्हाई, हवेत, उसावर असतंच. उसाचा रस दुपारपर्यंत ठेवून बघा, नाकाला कळतं.

तांबडा_पांढरा | सकाळी ९:४४

आमच्या गल्लीत काहीजण त्यासाठीच ठेवत्यात.

पुणेरी_पाव | सकाळी १०:१०

विषय निघालाच आहे तर, कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड का देतात? यीस्टचा खरा सन्मान पावात आहे.

तांबडा_पांढरा | सकाळी १०:१२

कटाला ब्रेडच लागतो. पाव रस्सा पितो, ब्रेड रस्सा धरतो. विज्ञान आहे ते.

(यापुढच्या ब्रेड-पाव विषयावरच्या २३ प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यावर हलवल्या आहेत. धागा-रखवालदार)

गंगावेसकर | दुपारी १:०५

मी लहानपणी साखर संपली म्हणून दूध घातलो होतो. दुधात पण साखर असते ना, मग चालंल म्हटलं. आमच्या गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण दूध, माणसं ग्लासवर ग्लास रिचवतात. यीस्टनं तोंड पण लावलं नाही.

कॉलेजचा_लॅबवाला | दुपारी १:३०

बरोबर झालं तुमचं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायचं विकर ब्रेडच्या यीस्टकडे नसतं. समोर पंचपक्वान्न आणि हात बांधलेले. त्याच दुधात चमचाभर साखर घातली असती तर फुगा फुगला असता. बारकीनं ही बाटलीही ठेवावी, परीक्षकांना प्रश्न पडेल.

शिस्तीत_घ्या | दुपारी ३:४०

मी सगळा धागा वाचला. पाणी, फुगा, लीक, काकवी, सगळं झालं. पण पहिल्या पोस्टमध्ये ताई लिहितात, "पूड टाकल्या टाकल्या फस्सकन फेस येतोय." यीस्टला एवढी घाई नसते. ते आधी जागं होतं, आळोखेपिळोखे देतं, मग कामाला लागतं.

ताई, ती पूड रंगानं कशी होती?

रंकाळाकाठ | सायंकाळी ६:२०

पांढरी. मैद्यासारखी. का?

शिस्तीत_घ्या | सायंकाळी ६:२२

यीस्टचे दाणे बदामी-तपकिरी असतात. बारीक, खसखशीसारखे. तुम्ही बेकिंग पावडर आणलीय.

तांबडा_पांढरा | सायंकाळी ६:२३

🤣🤣🤣 आन् आमी बाटली बादलीत बुडवायला लावालोय

रंकाळाकाठ | सायंकाळी ६:५५

आत्ता गं बया. खरंच की ओ. पुडीवर काही छापलेलं नव्हतं, सुट्टी बांधून दिलेली. पण दुकानदाराला नावं ठेवत नाही, मीच म्हणालो होतो, "ते पाव-केक फुगवायची पावडर द्या." त्यानं दिली. आता बाकीची पुडी चाटून बघितलो, खारट-आंबट लागतीया. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली नव्हती, दृष्टी नव्हती.

बंबवाली_काकू | सायंकाळी ७:०२

सासूबाईंना या धाग्यावर आण.

कॉलेजचा_लॅबवाला | सायंकाळी ७:४०

मी इतकं बुखनर-पाश्चर सांगितलं आणि मूळ वाक्य नीट वाचलं नाही. शिस्तीत, मानलं.

बेकिंग पावडरमध्ये खायचा सोडा आणि सुकं आम्ल शेजारी शेजारी बसलेलं असतं. पाणी लागलं की दोघं भिडतात, कार्बन डायऑक्साइड निघतो. जीव नाही, जेवण नाही, नुसती रासायनिक अभिक्रिया. वहिनी बाटली हलवून मग फुगा लावत होत्या, तोपर्यंत बराचसा गॅस छपराला लागला होता.

आता यातली खरी मेख बघा. वहिनींनी पूड आधी फुग्यात भरून, फुगा लावून मग बाटलीत ओतली असती, तर फुगा झकास फुगला असता. बारकीनं फलकावर "यीस्ट" लिहिलं असतं, सगळ्यांनी टाळ्या दिल्या असत्या, आणि कुणालाच कधी कळलं नसतं. म्हणून नुसता फुगा फुगला म्हणजे यीस्ट सिद्ध झालं असं नाही. शेजारी दुसऱ्या बाटल्या हव्यात: एक बिनसाखरेची, आणि एक यीस्ट आधी खळखळ उकळून घेतलेली. उकळलेल्या बाटलीचा फुगा पडून राहिला, तरच म्हणता येईल की काम करणारा कुणीतरी जिवंत होता.

पुणेरी_पाव | रात्री ८:१५

सहावीच्या मुलीला एवढं कशाला? फुगा फुगला, मूल खूश, विषय संपला. तुम्ही पीएचडीचा प्रबंध करून घ्याल.

शिस्तीत_घ्या | रात्री ८:३१

असहमत. तीन बाटल्या मांडायला पीएचडी लागत नाही, अजून दोन फुगे लागतात. पाच रुपये.

पुणेरी_पाव | रात्री ८:३३

जिवंत यीस्ट उकळायला लावणारे तुम्ही, आणि शाकाहाराचा प्रश्न विचारला तर हसता.

अपक्ष_उमेदवार | रात्री ८:३४

धन्यवाद. कुणीतरी बोललं.

रंकाळाकाठ | गुरुवार, रात्री ९:३०

झालं एकदाचं! मंगळवारीच लक्ष्मीपुरीतनं खरं यीस्ट आणलो, बंद पाकीट, तारीख बघून. तपकिरी दाणे. काकूंची वाटीतली परीक्षा आधी केलो, बारा मिनिटांत साय आली.

मग चार बाटल्या, सगळ्यांत अर्धा कप पाणी आणि एक चमचा यीस्ट. पहिलीत एक चमचा साखर, दुसरीत तेवढाच किसलेला गूळ, तिसरीत काही नाही, चौथीत साखर पण यीस्ट उकळून गार केलेलं. चारी बाटल्या कोमट पाण्याच्या घमेल्यात. फुगे आधी फुगवून सैल केले होते.

पहिली दहा मिनिटं सगळे फुगे लोळत. बारकीचं तोंड एवढंसं. पंधराव्या मिनिटाला गुळाचा फुगा उभा राहायला लागला, पाठोपाठ साखरेचा. असं हळूहळू मान वर करतो ना तो, झोपेतनं उठल्यागत! सासूबाई खुर्ची ओढून बसल्या, मालिका बंद करून. दीड तासानं दोऱ्यानं घेर मोजला: साखर २७ सेंटीमीटर, गूळ २८. बिनसाखरेचा फुगा जरासा ताठ झाला, फुगला म्हणता येणार नाही. उकळलेला शेवटपर्यंत मेल्यागत पडून.

बारकीचे दोन प्रश्न राहिलेत. साखर नसताना तिसरा थोडा का होईना ताठ का झाला? आणि फुगा बाटलीवरनं काढून गाठ मारून सोडला तर वर का गेला नाही, दगडागत खाली का आला?

गुऱ्हाळकर | रात्री ९:३३

गूळ २८! जगात भारी!

शिस्तीत_घ्या | रात्री ९:४१

एक सेंटीमीटरवर गुलाल उधळू नका. फुगे फुगे सारखे नसतात. तीनदा करून तीनदा गूळ पुढं आला तर मिरवणूक काढू.

मळीवाला | रात्री १०:२०

पहिला प्रश्न: यीस्टच्या पेशीत स्वतःची थोडी शिदोरी असते, ती खाऊन थोडा गॅस निघतो. दुसरा: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण दीडपट जड. जत्रेतल्या उडत्या फुग्यात हलका वायू असतो.

आता माझा हिशोब. २७ सेंटीमीटर घेर म्हणजे फुग्यात साधारण ३३० मिलिलिटर गॅस. चमचाभर साखर ५ ग्रॅम धरली आणि ती शेवटच्या कणापर्यंत आंबली, तर सुमारे १.४ लिटर गॅस निघायला हवा. म्हणजे दीड तासात तुमच्या यीस्टनं पाव हिस्सा काम केलं. घाई नाही, रात्रपाळी बाकी आहे.

चावीवाला | रात्री १०:३५

जड गॅसवरून आठवलं. आमच्या आजोळी, सांगलीकडे हळदीची पेवं होती, जमिनीतले कोठार. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, हा मोठ्यांचा दंडक. आत माल श्वास घेतो, हवा मरते, म्हणायचे. लहानपणी भुताची गोष्ट वाटायची.

कॉलेजचा_लॅबवाला | रात्री १०:५०

वहिनी, शेवटची एक गोष्ट. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवरून बोटभर चुना आणा. ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरची निवळी अलगद काढून घ्या. डोळ्यांत उडू देऊ नका, हे काम मोठ्यांनी करायचं. साखरेच्या फुग्यातला गॅस नळीनं त्या निवळीत सोडा. दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइडची सही. मात्र दुधाळ झाली की थांबा. तसाच गॅस सोडत राहिलात तर ती पुन्हा स्वच्छ होते आणि परीक्षकांना काय दाखवायचं हा प्रश्न पडतो. माझ्या एका विद्यार्थ्याचं तसं झालं होतं, बाहेरून परीक्षक आलेले असताना.

रंकाळाकाठ | शुक्रवार, सकाळी ७:४०

निवळी तयार आहे. पण रात्री गाठ मारून ठेवलेले फुगे सकाळी सुरकुतलेत. बारकी रडायला लागली, "मेले" म्हणाली. गाठ तर पक्की होती.

चावीवाला | सकाळी ७:५२

गाठीचा दोष नाही. कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा भराभर पाझरतो. उद्या फुगे तिथंच, लोकांसमोर फुगवायचे. शिळे नेऊ नका.

रंकाळाकाठ | शनिवार, दुपारी ४:१५

आलो आत्ताच. बक्षीस दुसऱ्या वर्गातल्या पवनचक्कीला गेलं, ती खरंच चांगली होती. पण बारकीच्या टेबलापुढं गर्दी हटेना, आणि सगळे फुगलेल्या फुग्याऐवजी त्या पडलेल्या चौथ्या फुग्याबद्दलच विचारालते. बारकी प्रत्येकाला सांगालती, "त्यातलं यीस्ट आईनं उकळून मारलंय." दोन बायका माझ्याकडं कशातरीच बघून गेल्या.

पाचवी बाटली पण ठेवली होती, बेकिंग पावडरची. कल्पना सासूबाईंची.

अर्धं पाकीट यीस्ट उरलंय. त्याचं काय करू?

बंबवाली_काकू | दुपारी ४:३०

घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेव, पुढच्या रविवारी पाव करायला माझ्याकडं ये. आणि बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिही गं बाई.